लाखोलीची वेल

काशीत मंगला गौरीच्या देवळाच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच होती. त्या घरांत श्रावणातल्या मंगळवारी नवी सून किंवा माहेरी आलेली लेक मंगळागौरीच्या जागरणाला उभी राहायची, तेव्हा तिच्या केसांतली जुईची वेणी कालिंदीकाकू गद्र्यांकडून आलेली असायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. काकूंनी वेणीचा दाम कधी घेतला नाही, आणि द्यायचं धाडसही कुणी केलं नाही.

काकूंचा जन्म काशीतलाच. माहेर रामघाटावर, सासर तिथून हाकेच्या अंतरावर. "सासरी निघताना मला रडूही नीट आलं नाही," असं त्या सांगत. "डोळे पुसेपर्यंत घर आलं सुद्धा!" यजमान बिंदुमाधवशास्त्री रामघाटावरच्या पाठशाळेत ऋग्वेद शिकवत. घर उंच आणि चिंचोळं. मागच्या बाजूला विहीर, आणि विहिरीपाशी मातीचा एक छोटासा तुकडा. लग्न होऊन आल्या त्या वर्षी काकूंनी तिथं जुईची काडी खोचली होती. आता तिचा मांडव पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला होता.

दुपार कलली की काकू टोपली घेऊन मांडवाखाली जात. कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि दिवेलागणीच्या आत गुंफायच्या. "फुगडीच्या पहिल्या गिरकीला वास सुटला पाहिजे," असा त्यांचा हिशेब असे, आणि तो सहसा चुकत नसे.

त्या वर्षी, म्हणजे १९३६ साली, त्यांच्या स्वतःच्या लेकीची पहिली मंगळागौर होती. बकुळ वैशाखात लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली होती आणि श्रावणात माहेरी यायची होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलींच्या पाठीवर उमललेली जुई या खेपेला आपल्या पोरीच्या पाठीवर उमलणार, एवढी एकच गोष्ट काकूंच्या मनात घोळत होती. पण त्या साली जुईला कळ्या धरायची चिन्हंच दिसेनात.

कारण डोळ्यांसमोर होतं. फाल्गुनात मांडवाच्या पायथ्याशी एक अनोळखी कोंब आला होता. कोवळं पान बदामाच्या आकाराचं, कडेला लाटा असलेलं. काकूंना वाटलं, गुळवेल असेल. औषधी आहे, राहू दे. चैत्रात ती मांडवावर चढली, वैशाखात लग्नाच्या गडबडीत तिच्याकडे पाहायला कुणाला फुरसत झाली नाही, आणि ज्येष्ठ उजाडला तो अख्खा मांडव गुलाबी घेऊनच. झुपक्यांवर झुपके! मधमाश्यांची तर जत्राच भरली. जुई त्या गुलाबी पसाऱ्याखाली कुठंतरी पिवळी पडत चालली होती.

"काकू, तुमच्या वेलीची लत्तर आमच्या छतावर पण आली बरं का," शेजारच्या घरातली तरुण सून विद्युल्लता खिडकीतून म्हणाली. "सासूबाई म्हणतात, वाळवण घालायला जागाच नाही उरली. पण बघायला काय सुंदर वाटतंय ना!"

"सुंदर आहे ग," काकू म्हणाल्या. "तेच तर अवघड झालंय."

कोयता आणायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण त्यांच्या आधी सीताआत्या तिथं पोचल्या.

सीताआत्या म्हणजे शास्त्र्यांच्या आत्या. तरुणपणीच विधवा होऊन त्या काशीला भावाकडे आल्या. पुढं भाऊ गेले, पण आत्या भाच्याच्या घरात राहिल्या. बकुळ त्यांच्याच मांडीवर वाढली होती. देवाच्या बाबतीत आत्याबाईंचा शब्द शास्त्र्यांच्याही वरचा. आषाढी एकादशीच्या सकाळी त्या न्हाऊन, ओल्या लुगड्यानं, ओंजळभर गुलाबी फुलं घेऊन देवघरात आल्या.

"माधवा, संकल्प सांग. मंगला गौरीला लाखोली वाहायची आहे. बकुळीच्या संसारासाठी."

लाखोली म्हणजे एक लाख फुलं. चातुर्मासात असे नेम कुणी ना कुणी धरायचंच. शास्त्री पाटावर बसले. पळीत पाणी घेतलं आणि थबकले. कुठलं फूल वाहायचं, त्याचं नाव संकल्पात घ्यावं लागतं.

"फूल कुठलं, आत्या?"

"मला काय विचारतोस? हे बघ की."

शास्त्र्यांनी पाहिलं. त्यांना हजारो ऋचा मुखोद्गत होत्या, पण विहिरीवर ते फक्त अंघोळीला जात, तेही डोळे मिटून, स्तोत्र म्हणत. वेल तर दिसतेच आहे. काव्यांमधून आंब्याला बिलगणारी, नायिकांच्या सख्यांनी पाणी घातलेली वेल ती कुठली? "माधवी," ते खात्रीनं म्हणाले आणि उदक सोडलं.

दारात समई घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी ती तिथंच खाली ठेवली. आता लाख फुलं पुरी होईपर्यंत त्या वेलीला हात लावायची सोय नव्हती.

दुपारी शास्त्री फराळ करून उठले, तसं काकूंनी विचारलं, "अहो, ही माधवी कशावरून?"

"अगं, काव्यात वेल म्हटली की माधवीच असते."

"काव्यात असेल. ही माझ्या मांडवावर आहे."

शास्त्री नुसते हसले आणि वामकुक्षीला गेले. काकू मात्र मांडवाखाली जाऊन बसल्या. शत्रू ओळखायला बसावं तशा त्या बसल्या खऱ्या, पण हळूहळू त्यांना नवलच वाटायला लागलं. गुळवेल ही नव्हेच. गुळवेलीचं पान गुळगुळीत, खोडाला फाटकी साल, आणि फुलं असून नसल्यासारखी. इथं पान हाताला खरबरीत लागत होतं, शिरांचं जाळं आत रुतलेलं. बरं, ही वर चढते कशाच्या आधारानं? पानांपाशी तणावे नाहीत, मुळं भिंतीला चिकटत नाहीत. मग त्यांनी एक तुरा हातात धरून पाहिला. फुलं संपतात तिथं तुऱ्याचं टोक बारीक होऊन दुभंगलं होतं, आणि त्या आकड्यांनी जुईची फांदी घट्ट पकडली होती. फुलांचाच हात करून चढणारी वेल काकूंनी आजवर पाहिली नव्हती.

"बाई ग," त्या तिला म्हणाल्या, "नटूनथटून येऊन गळा धरतेस होय!"

मग तर रोजचा नादच लागला. फूल सुकलं तरी गुलाबी वेष्टण गळत नाही, कागदासारखं होऊन राहतं, हे त्यांनी पाहिलं. वेष्टण उकललं तर आत एक त्रिकोणी, टोकदार बी होतं. वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच.

अशात एकदा यज्ञेश्वर दीक्षित घरी आले. ते शास्त्र्यांचे सहाध्यायी. रामनगरच्या एका जुन्या बागेतल्या देवळात पूजेला जात, आणि आल्यावर आधी खायला काय आहे ते विचारत. थालीपीठ पुढ्यात येताच ते खिडकीबाहेर पाहून म्हणाले, "ही साहेबांची वेल तुमच्याकडं कशी?"

"कुणाची?" काकू तव्यापासून वळल्या.

"छावणीत एका बंगल्याच्या व्हरांड्यावर आहे की. मडमेनं समुद्रापलीकडून मागवली म्हणतात. नाव नाही ठाऊक."

"माधवी आहे ती," शास्त्री म्हणाले.

दीक्षितांच्या हातातला घास तसाच राहिला. "माधवी? बिंदू, माधवी आमच्या बागेत आहे. तिचा हिचा काही संबंध नाही. एकदा ये आणि बघ."

"मी पण येणार," काकू म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या, की शास्त्र्यांना नाही म्हणायला अवधीच मिळाला नाही.

दोघं मिळून शेवटचे कधी घराबाहेर पडले होते, ते दोघांनाही आठवेना. सामनेघाटापर्यंत एक्का, तिथून होडी. गंगा चढली होती, गढूळ पाणी गोल गोल फिरत होतं. शास्त्री काठाला घट्ट धरून स्तोत्र पुटपुटत होते.

"पंडितजी, डरिए मत," मल्लाह म्हणाला.

"मी कुठं भितोय?" शास्त्री मराठीतून म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते ते लपेनात.

रामनगरच्या बागेत दीक्षितांनी त्यांना एका वठल्या आंब्यापाशी नेलं. आंब्यावर मनगटाएवढ्या जाड खोडाची वेल चढली होती. पानं समोरासमोर, जाडसर, लांबट, चकचकीत. फूल एकही नव्हतं.

"वसंतात फुलते," दीक्षित म्हणाले. "पांढरी फुलं, कडा झालरीसारख्या, एका पाकळीवर पिवळा डाग. देऊळभर वास जातो. आता फक्त ही राहिलीत." त्यांनी जमिनीवरून एक वाळलेलं फळ उचलून दिलं. त्याला तीन पंख होते.

शास्त्र्यांनी ते हातात फिरवून पाहिलं. मग इकडंतिकडं बघितलं आणि हळूच वर उडवलं. फळ भिंगरीसारखं गिरक्या घेत खाली आलं. त्यांनी पुन्हा उडवलं. वेदशास्त्रसंपन्न बिंदुमाधवशास्त्री गद्रे आंब्याखाली उभे राहून फळं उडवत होते, आणि काकू खाली पडलेली त्यांना वेचून देत होत्या.

"ही वसंतात फुलते, तर मी आषाढात तिचा संकल्प कसा सांगितला?" थोड्या वेळानं शास्त्री स्वतःशीच म्हणाले. "एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

परतताना होडी काठाकाठानं चालली होती, तेव्हा काकू एकदम ओरडल्या, "अहो, ते बघा!" काठावरचं एक बाभळीचं झाड नखशिखांत गुलाबी झालं होतं. तीच वेल. बाभूळ म्हणून ओळखायला शेंड्याची एक काटेरी फांदी तेवढी उरली होती. वेलीचे काही तुरे पाण्यात लोंबत होते आणि सुकलेली फुलं एकेक करून सुटून धारेला लागत होती. बुडत नव्हती. काकूंनी वाकून एक ओंजळीत धरलं. कागदी वेष्टणात त्रिकोणी बी.

मग त्यांना सगळा उलगडा झाला आणि त्या कपाळाला हात लावून हसू लागल्या.

"काय झालं?"

"अहो, मागच्या कार्तिकात पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ काढत होते ना? गंगेची माती म्हणून मी दोन टोपल्या आणवून जुईला घातली. मीच हिला घरात आणली. माझ्या हातानं!"

घरी आल्यावर शास्त्र्यांनी हातपाय धुतले आणि सरळ आत्याबाईंपुढं जाऊन बसले. "आत्या, चूक झाली. ती माधवी नाही. संकल्पात मी भलतंच नाव घेतलं."

काकू दाराआड उभ्या होत्या. आता आत्याबाई नेम सोडतील आणि आजच कोयता चालवता येईल, अशी त्यांची आशा होती.

आत्याबाई वाती वळत होत्या. हात थांबला नाही. "नाव तू घेतलंस. देवीला मी फूल दाखवलं होतं. तिला काय डोळे नाहीत? ज्या फुलाची ओंजळ नेली, त्याच फुलाची लाखोली. चुकलास तो तू, प्रायश्चित्त तुला."

"पण आत्याबाई, जुई मरते हो," काकू न राहवून पुढं आल्या. "बकुळीच्या वेणीला फूल मिळायचं नाही."

"आणि बकुळीचं कुंकू? ते वेणीपेक्षा कमी का?"

दोघी एकाच पोरीसाठी भांडत होत्या, हे दोघींनाही कळत होतं. काकू विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मांडवावर, भिंतीवर, विद्युल्लतेच्या छतावर, तिच्या पलीकडच्या छतावर संध्याकाळच्या उन्हात गुलाबी रंग मावत नव्हता. इतकी फुलं, की आत्याबाई रोज टोपलीभर तोडत होत्या तरी कुठं उणं दिसत नव्हतं.

काकू बघत राहिल्या. मग तरातरा आत गेल्या.

"अहो, संकल्पात किती दिवस म्हटले होते?"

"दिवस? नाही, दिवस म्हटले नव्हते. लक्ष पुष्पं म्हटली होती."

"म्हणजे श्रावणाआधी पुरी झाली तर?"

शास्त्र्यांनी विचार केला. "तर पुरी झाली."

आत्याबाईंनी वात खाली ठेवली. "एकटीनं लाख फुलं श्रावणाआधी? मी माणूस आहे का मधमाशी?"

"वाहायची तुम्ही. तोडू आम्ही सगळ्या." काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "नेम कार्तिकापर्यंत लांबवलात तर ही तोवर तुमची तुळसही गिळेल. देवीला उशिरापेक्षा लवकर मिळालेलं चालत नाही का?"

आत्याबाई सुनेकडं वळल्या. "वकिलाची पोर कशी नाहीस ग तू?" त्या म्हणाल्या. पण वातीची टोपली बाजूला सारली.

मग त्या घराच्या मागं जी धमाल उडाली, तिच्या गोष्टी गल्लीत पुढं कितीतरी वर्षं सांगितल्या जात. विद्युल्लता छतावरून फुलांच्या टोपल्या दोरीला बांधून खाली सोडायची. तिच्या सासूबाई, पलीकडच्या घरातल्या दोघी जावा, रामघाटावरून काकूंच्या माहेरच्या बायका, सगळ्या दुपारची आवराआवर करून येऊन बसायच्या. मोजायची रीत जुनीच होती: रोज आधी हजार फुलं मोजायची, ती तराजूच्या एका पारड्यात घालायची, आणि पुढची तेवढ्याच भारानं तोलायची. तरी दर वेळी हजाराशी येताना कुणीतरी बोलायचं, दुसरी हसायची, आणि मोजणी पहिल्यापासून.

शास्त्र्यांचं प्रायश्चित्त आत्याबाईंनीच ठरवलं होतं. मांडवाच्या वरची फुलं त्यांनी काढायची. पाटाखेरीज कशावर न चढलेले शास्त्री शिडीवर उभे राहिले आणि खालून सूचनांचा पाऊस पडू लागला.

"शास्त्रीबुवा, डाव्या बाजूला! अहो, तुमची डावी!"

"धोतर सांभाळा!"

"मधमाशी! मधमाशी आली!"

"तिला शांतिसूक्त म्हणून दाखवा," आत्याबाई खालून म्हणाल्या.

काकूंनी एक अट घातली होती. ताजी फुलं टोपलीत, सुकलेली वेगळ्या घमेल्यात. आणि निर्माल्य गंगेत सोडायचं नाही. यावर आत्याबाई पुन्हा उसळल्या. निर्माल्य गंगेत नाही तर जायचं कुठं? तेव्हा काकूंनी रामनगरहून येताना गंगेत ओंजळीत धरलेलं ते एक सुकं फूल पाण्याच्या तांब्यात टाकलं. ते तरंगत राहिलं. वेष्टण सोडून त्यांनी आतलं बी दाखवलं, आणि त्या बाभळीची हकीकत सांगितली.

"रोज मी टोपलीभर गंगेत सोडत होते," आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे आता राजघाटापर्यंत हिचीच बाग होणार म्हण की."

"अग्नीत विसर्जन चालतं ना हो?" काकूंनी शिडीकडं पाहून विचारलं.

"चालतं," शिडीवरून उत्तर आलं. "मला आता खाली उतरायला चालेल का?"

शेवटच्या टोपल्या घेऊन सगळ्या बायका मिळून मंगला गौरीला गेल्या. काशीकरांचं सावन पौर्णिमेनंतरच लागलं होतं, आपला श्रावण अमावास्येनंतर, चारदोन दिवसांनी लागायचा होता. देवळात गर्दी होती. आत्याबाई ओंजळीवर ओंजळ वाहत राहिल्या. "माई, देवीजी को ढँक ही दोगी क्या?" पुजारी म्हणाला. देवीचे फक्त डोळे दिसत होते. आत्याबाईंनी शेवटची ओंजळ वाहिली आणि डोकं टेकलं. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा नुकत्याच न्हालेल्या लहान मुलीसारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वेल बुंध्याशी कापली, पण तेवढ्यावर त्या थांबणाऱ्या नव्हत्या. फुलं तोडताना मोडलेल्या फांद्या दुप्पट जोमानं फुटलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी कुदळ घेतली. हातभर खाली रताळ्यांसारखे कंद लागले, एकाला एक गुंफलेले, जुईच्या मुळांमध्ये शिरलेले. जुईच्या मुळांना धक्का न लावता ते काढायचे म्हणजे बोटांनीच माती उकरावी लागत होती. काढलेले कंद त्यांनी छतावर उन्हात वाळवले आणि बंबात घातले. एखादा तुकडा राहिलाच असणार, हेही त्यांना ठाऊक होतं. पुढच्या फाल्गुनापासून दर पंधरवड्याला त्या मांडवाखाली वाकून बदामी पान शोधत. सापडलं की आधी निरखून बघत आणि मग उपटत.

बकुळ आली ती ग्वाल्हेरच्या गप्पा घेऊनच. मागच्या दारी जाऊन तिनं मांडव पाहिला. जुईचे उघडे काटकुळे फाटे, कुठं कुठं चार हिरवी पानं.

"आई, राहू दे ना," ती म्हणाली. "बाजारातून बेल्या-मोगऱ्याचा गजरा आणू."

"मंगळवार किती आहेत श्रावणात?" काकूंनी विचारलं. "आपण शेवटचा धरू."

रोज सकाळी काकू जुईला पाणी घालत आणि काही न बोलता आत येत. पाऊस चांगला पडत होता. नारळी पौर्णिमा होऊन गेली त्या सुमाराला त्या आत आल्या त्या काही न बोलताच, पण शास्त्र्यांनी त्यांच्याकडं पाहून पोथी मिटली आणि ते आपण होऊन विहिरीकडं गेले. फाट्यांच्या टोकांना हिरवे ठिपके आले होते. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिले. शेवटच्या मंगळवारपर्यंत त्यांतले काही पांढरे झाले.

सकाळची पूजा झाली. दुपार कलली, तशा काकू टोपली घेऊन मांडवाखाली गेल्या. टोपलीचा तळही झाकला गेला नाही. पण एक वेणी, विरळ का होईना, होणार होती.

सोप्यात आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. असल्या दिवशी त्या बाजूलाच बसत. सवाष्णींच्या फुलांना त्यांनी हात लावायचा नाही, हा नियम त्यांना कुणी सांगावा लागत नसे. काकूंनी ओलं फडकं आणि दोरा त्यांच्यापुढं ठेवला.

"गुंफा, आत्याबाई."

"मी?" त्यांनी हात मागं घेतला. "वेडी का काय तू? आजचा दिवस काय आहे!"

"लाख फुलं वाहिलीत तिच्यासाठी. ही मूठभर जड होतात का?"

आत्याबाईंनी शास्त्र्यांकडं पाहिलं. शास्त्र शोधायला त्यांनी जरा वेळ घेतला असता तरी चाललं असतं. पण ते लगेच म्हणाले, "आत्या, दिवेलागण होईल. कळ्या उमलायला लागल्या की गुंफता येत नाहीत."

बकुळ केव्हाची येऊन आत्याबाईंपुढं पाठ करून बसली होती. तिनं मान थोडी खाली केली. आत्याबाईंनी दोरा दातानं तोडला, पहिली कळी उचलली, आणि इतक्या वर्षांनी बोटांना गाठ आठवते का ते पाहू लागल्या. आठवत होती.

"हलू नकोस ग," त्या बकुळीला म्हणाल्या. "आणि ग्वाल्हेरला काय काय खातेस ते सांग. वाळलीस किती!"